सतरंजीवरची जागा

रडवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे आता नाही, पूर्वी फुशारकीच होती. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाकडं मयत झाली की दफनानंतरच्या गुरुवारी भगिनी मंडळाची सांत्वनभेट असते. त्या भेटीत मी नसले तर घरची माणसं विचारतात, "बालवाडीच्या बाई न्हाई आल्या?" माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली. रडणारी पोरं गप्प करण्यात जन्म घालवला आणि म्हातारपणी गप्प बसलेल्या बायकांना रडवायचं काम आलं.

भेटीची आमची पद्धत ठरलेली आहे. घरात शिरताना "जय ख्रिस्त" हळू म्हणायचं. सतरंजी अंथरलेली असते. जिचं माणूस गेलं तिला मधोमध बसवायचं आणि आपण तिच्यासमोर अर्ध्या गोलात बसायचं. मधल्या जागेवर दुसऱ्या कुणी टेकायचं नाही. एक गीत, एक वाचन, दोन शब्द, प्रार्थना. मग कोरा चहा, आणि पहिला कप मधल्या बाईला. तिनं एक घोट घेतला की मग बाकीच्यांनी कपाला हात लावायचा. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण मी पडले मास्तरीण, नियम मोडलेला मला खपत नाही. एकदा एका घरी पाहुणीनं पहिला कप उचलला, तर मी तो तिच्या हातातून काढून घेतला होता. ती बाई अजून मला बघितलं की रस्ता बदलते.

गीत मी उचलते आणि "दोन शब्द" हेही माझंच खातं. काही बायका पाठ केल्यासारखं बोलतात, देवाची इच्छा, देवाची योजना. मला त्याचा भयंकर राग येतो. अहो, समोर बाईचा नवरा गेलाय आणि तुम्ही योजना काय सांगताय? मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसते आणि तिचा हात घेते. जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारते. त्याच्या आवडीची भाजी कुठली, विचारते. तिथं बांध फुटतो. मग मी सांगते की प्रभूसुद्धा मित्राच्या कबरीपाशी रडला होता, त्याला तर ठाऊक होतं की आपण मित्राला पुन्हा उठवणार, तरी रडला. तू कशाला आवरतेस? मग ती रडते, आम्ही रडतो, आणि निघताना ती दारापर्यंत येते. दारापर्यंत आली की समजायचं, आता ही जगेल.

हे सगळं मला येतं. आणि माझ्याच घरात एक बाई दीड वर्ष न रडता चहा करत होती.

माझा मुलगा महाबळेश्वरला एका हॉटेलवर गाडी चालवायचा. पाहुण्यांना आणायचं, सोडायचं, पॉइंट दाखवायचे. पंधरा दिवसांनी सांगलीला घरी यायचा. सून नर्स, इथल्याच एका दवाखान्यात. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं घरात आम्ही दोघीच, आणि आमचं बरं चाललं होतं. ती मला "आई" म्हणायची आणि मनापासून म्हणायची. मी तिला शिकवायला जायचे आणि ती हसून ऐकायची आणि मग तिला पाहिजे तेच करायची.

त्या पावसाळ्यात साताऱ्याला चर्चच्या बहिणींचा मेळावा होता, दोन दिवसांचा. गीतं मी सांगणार होते. निघायच्या आदल्या दिवशी सुनेला ताप भरला. आमच्या मंडळाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "राहू द्या बाई, पोरगी एकटी हाय घरात." मी म्हटलं, ती स्वतः नर्स आहे, तिला काय होतंय? पेज करून झाकून ठेवली, गोळ्या उशाशी ठेवल्या, आणि गेले. खरं सांगायचं तर मेळाव्यात व्यासपीठावर उभं राहून शे-दोनशे बायकांकडून गीत म्हणून घ्यायचं, ते मला सोडवत नव्हतं.

शनिवारी तिचा ताप वाढला. घर रिकामं. तिनं नवऱ्याला फोन केला, "येता का?" तो सोमवारी येणार होता, पण दुपारीच मोटारसायकल काढून निघाला. केळघरच्या घाटात पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं म्हणे, गाडी घसरली. त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं. मी साताऱ्यातच होते, म्हणून मी आधी पोचले. पोचले म्हणजे काय, सगळं झालेलंच होतं. त्याचे बूट काढून बाकाखाली कुणीतरी नीट जोडीनं ठेवले होते, ते मी बघत बसले.

संध्याकाळी सून शेजाऱ्यांच्या गाडीतून आली. अंगात ताप तसाच. तिनं त्याला बघितलं, मग माझ्याकडं आली आणि माझ्या पदराला धरून म्हणाली, "मीच बोलावलं वो आई. मीच फोन केला."

मी काही बोलले नाही.

हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझा पदर तिच्या मुठीतून सोडवून घेतला आणि मेळाव्यातून माझ्यासोबत आलेल्या चिटणीसबाईंच्या गळ्यात पडले. माझ्या तोंडात त्या वेळी एकच वाक्य होतं: व्हय, तूच बोलावलंस. ते मी गिळलं, आणि गिळलं म्हणून स्वतःला मोठी समजत राहिले. गिळलेलं समोरच्याला दिसतं, हे मला कळायला हवं होतं. बालवाडीतल्या पोरालासुद्धा बाईंच्या तोंडाकडं बघून कळतं.

आमच्या घरच्या सांत्वनभेटीला सगळं मंडळ आलं होतं. चर्चच्या पाळकांच्या बाई आल्या होत्या, मिरजेच्या बायका आल्या होत्या, इतक्या की चपला जिन्यात गेल्या. मला मधोमध बसवलं. गीत दुसऱ्या कुणीतरी उचललं, चुकीच्या पट्टीत, आणि त्याही स्थितीत मला ते खटकलं, असा माझा स्वभाव. मी रडले, मला धरलं, पाठीवरनं हात फिरवला. "एकुलता एक वो बाईंचा," सगळ्या म्हणत होत्या. सून आत चहा करत होती. ट्रे घेऊन बाहेर आली आणि पहिला कप माझ्यापुढं धरला. मी घेतला. तिला कुणी "तू बस" म्हटलं नाही. पुढं महिनाभर माणसं येत राहिली, आणि जो आला तो माझ्याजवळ बसला आणि तिच्या हातचा चहा पिऊन गेला.

प्रभूनं मला त्या दिवसांत धरलं, हे खोटं नाही. माझ्या बाकीच्या सगळ्यावर शंका घ्या, यावर घेऊ नका. सकाळी उठून कॉटवर बसायचे आणि प्रार्थनेला एक शब्द सुचायचा नाही. मी, जी माइकवर पंधरा-पंधरा मिनिटं प्रार्थना करायची! नुसतं "बापा" म्हणायचे आणि थांबायचे. पुढं काही नाही. तेवढ्यावर उठायचे, तोंड धुवायचे, आणि दिवस निघायचा. कुणीतरी ऐकतंय, बाकीचं तो भरून घेतोय, असं आतून वाटायचं. त्या एका शब्दानं मला जगवलं.

दोन-तीन महिन्यांनी मी पुन्हा भेटींना जायला लागले. लोकांनी डोक्यावर घेतलं. बघा, स्वतःचं दुःख बाजूला ठेवून बाई दुसऱ्यांचे डोळे पुसतात! पूर्वी मी सांगलीतल्या भेटी करायचे. आता तासगाव, पलूस, कऱ्हाड, कुठंही, एसटीनं, वडापच्या जीपनं. आणि यातली खरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, ती आता सांगते. दुसऱ्याच्या घरी रडून आले की मला भूक लागायची. सडकून लागायची. एरवी घास फिरायचा तोंडात, पण भेटीहून आलेल्या दिवशी एक भाकरी जास्त जायची आणि झोपही लागायची. म्हणजे मी त्यांना द्यायला जात होते की त्यांच्याकडून घ्यायला? लोक माझ्या हाताचा मुका घेत होते आणि मी त्यांच्या मयतीवर जेवत होते. मला स्वतःची शिसारी यायची, पण पुढचा गुरुवार आला की मी पिशवी उचलायचे.

ती जास्तीची भाकरी कोण करत होतं, हे सांगायला नको.

आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांड्याला भांडं लागून आवाज तरी झाला असता. ती ड्युटीवर जाताना सांगून जायची, आल्यावर विचारायची, "आई, औषध घेतलं?" मी म्हणायचे, घेतलं. त्याचं नाव दोघींपैकी कुणी काढायचं नाही. ती माझ्याकडं कधीकधी बघायची, भाकरी थापताना हात थांबवून. मला ठाऊक होतं ती कशाची वाट बघतेय. साताऱ्याच्या दवाखान्यात तिनं जे म्हटलं होतं त्याचं उत्तर मी अजून दिलं नव्हतं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

कारण तिला "नाही, तुझ्यामुळं नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग कुणामुळं? पेज झाकून मेळाव्याला कोण गेलं?

गेल्या हिवाळ्यात तिला खंडाळ्याकडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी मिळत होती. पगार बरा, राहायला खोली. तिनं दोन दिवस काही सांगितलं नाही, मग एकदा भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "आई, खंडाळ्याला बोलावत्यात. महिनाअखेरीला हजर व्हायचं हाय. जाऊ का?"

"तुझं तू बघ बाई," मी म्हटलं.

तिनं नळ बंद केला. मग पुन्हा सोडला. मला कळत होतं की ही जाणार, आणि ते उत्तर न घेताच जाणार, जन्मभर तो फोन कानाशी धरून जगणार. एका वाक्याचं काम होतं. ते माझ्या तोंडून निघत नव्हतं.

त्याच महिन्यात कुंडलला जाणं झालं. बालवाडीतली माझी जुनी सोबतीण तिथली, शेतकरी घर, उसाचं रान, दोन पिढ्या फौजेत. तिचा धाकटा मुलगा फौजेतून सुट्टीवर आला होता. छातीत कळ आली आणि रानातच गेला. मी आणि चिटणीसबाई दोघीच गेलो. ती माणसं आमच्या मंडळीतली नव्हेत, त्यांच्या घरी आमचं गीत कसं म्हणायचं, म्हणून नुसत्याच बसलो. सोबतीण माझ्या गळ्यात पडून रडली. तिला शांत करता करता माझं लक्ष चुलीकडं गेलं. तिथं तिची सून बसली होती, विशी-बाविशीची, भिंतीकडं तोंड करून. कुणी तिच्याजवळ नव्हतं.

मी उठून गेले. गुडघ्याला गुडघा लावला. हात घेतला. तिनं वर न बघताच म्हटलं, "मीच म्हणलं, विहिरीवरची मोटार चालू करून या. त्ये नगं म्हणत हुते. मीच धाडलं."

आणि मी काय बोलले असेन? एका श्वासात बोलले. "तुझ्यामुळं न्हाई गेला तो. ऐक माझं. रोज कुणी ना कुणी मोटार चालू करायला जातं, कुणी मरतं का? तू बायको हायस त्याची, तू न्हाई सांगायचं तर कुणी सांगायचं? देवाशी भांडायचं असलं तर भांड, तो ऐकून घेतो. पण स्वतःला मारू नगंस. तुझ्यामुळं न्हाई गेला." पोरगी हंबरडा फोडून माझ्या मांडीवर पडली. मग मी तिच्या सासूकडं वळले, माझ्या जुन्या मैत्रिणीकडं, आणि चक्क झापलं. "अगं, तुझं लेकरू गेलं, पण हिचा अख्खा संसार गेला. हिला भिंतीकडं का बसवलंयस? जवळ घे तिला!" तिनं घेतलं. दोघी एकमेकींना धरून अशा रडल्या की बाहेरचे पुरुषही पडवीतून उठून गेले.

परत येताना वडापमध्ये मी अगदी हलकी झाले होते. चिटणीसबाई बाहेर बघतच म्हणाल्या, "कुंडलच्या सुनेला झकास बोललात, बाई."

"प्रभू सुचवतो," मी म्हटलं.

"घरी न्हाई सुचवत व्हय त्यो?"

माझं डोकंच फिरलं. "चिटणीसबाई, तुम्ही तुमचं मंडळाचं बघा, माझ्या घरात लक्ष घालू नका," म्हटलं, आणि सांगली येईपर्यंत तोंड फिरवून बसले. घरी आल्यावर मला भूक लागलेली होती. सुनेनं ताट वाढलं. मी जेवले.

पुढच्या गुरुवारी सकाळी चिटणीसबाईंचा फोन. "आज भेट हाय. तीनला चर्चपाशी या." कुणाकडं, विचारलं तर म्हणाल्या, "रिक्षात सांगते." मला वाटलं, अजून रागात असतील. सुनेला त्या दिवशी सुट्टी होती. तिनं बाहेरची खोली झाडली होती आणि सतरंजी उन्हात टाकली होती. जायच्या आधी घर आवरून जातेय, असं मनात आलं. पिशवीत गीतांचं पुस्तक टाकलं आणि निघाले.

दोन रिक्षा केल्या. पाळकांच्या बाईही होत्या. स्टँड मागं पडलं, बाजार मागं पडला, आणि रिक्षा ओळखीच्या रस्त्याला लागली. "अवो, हा आमच्याकडचा रस्ता," मी म्हटलं. "पुढं वळायचं असंल." रिक्षा आमच्याच गल्लीत वळली. मी चिटणीसबाईंकडं बघितलं. त्या पर्समध्ये सुटे पैसे शोधत होत्या.

दार उघडं होतं. सतरंजी अंथरलेली होती. मधोमध माझी सून बसली होती.

बायका एकेक करून "जय ख्रिस्त" म्हणत आत गेल्या आणि अर्ध्या गोलात बसल्या. मी उंबऱ्यातच उभी. माझ्याच घराच्या दारात, पाहुण्यांच्या चपलांमध्ये. तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात, मला न विचारता! चार बायकांसमोर माझा तमाशा! मी म्हटलं, "हे काय चाललंय? कुणी बोलावलं सगळ्यांना?"

"मीच बोलावलं, आई," ती म्हणाली.

तेच शब्द. साताऱ्याला म्हणाली होती तेच. माझी पिशवी खांद्यावरून खाली आली.

ती पुढं शांतपणे म्हणाली, "मयत झाली की मंडळ येतं न्हवं? माझा नवरा गेलाय. तवा आल्या हुत्या सगळ्या, पर मी आत चहा करत हुते." मग जरा थांबून, "मला महिनाअखेरीला जायचंय. एकदा हितं बसून रडावं म्हटलं, आणि मग जावं."

"बसा की, बाई," चिटणीसबाई मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माझी नेहमीची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, मधल्या बाईच्या अगदी समोरची. मी बसले. दुसरं काय करणार?

गीत उचलायची वेळ आली. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी उचललं ते इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला आणि थांबला. बाकीच्यांनी पुढं नेलं. वाचन झालं. मग "दोन शब्द."

मी तोंड उघडलं. "प्रभूचं प्रेम..." म्हटलं, आणि माझं मलाच ते रेडिओवरचं वाटलं. ती खाली बघत होती. जेवलीस का, झोपलीस का, हे विचारू? दीड वर्ष तिच्या हातचं जेवत होते मी. त्याच्या आवडीची भाजी? ती मला ठाऊक होती, तिला ठाऊक होती. माझी एकही युक्ती चालेना.

तीच बोलली. "कुंडलच्या सुनेला म्हणालात, त्ये मला म्हणा."

चिटणीसबाईंनी सांगितलं असणार तिला. सांगितलं ते बरंच केलं.

मी सरकले. गुडघ्याला गुडघा लावला. तिचा हात घेतला. साबणानं खरखरीत झालेला, आणि त्या हाताला मी दीड वर्षात शिवलेसुद्धा नव्हते. "तुझ्यामुळं न्हाई गेला तो," मी म्हटलं. कुंडलला एका श्वासात निघालं होतं, इथं तीनदा अडकलं. "तुला ताप हुता. तू नवऱ्याला न्हाई बोलवायचं तर कुणाला? तुझ्यामुळं न्हाई गेला, पोरी."

तिचा चेहरा हलला नाही. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला कळलं की हे अर्धंच आहे. उरलेलं मी ठेवून घेतलंय आणि तिला ते ठाऊक आहे.

"मी घरी असते," मी म्हटलं, "तर तू फोन केला असतास का?"

तिनं खोटं बोलून मला सोडवावं, असं मला फार वाटत होतं. पण ती खोटं बोलणारी नाही.

"नसता केला," ती म्हणाली.

आणि मग ती फुटली. असं रडणं मी इतक्या घरांतून काढलं होतं, पण असं ऐकलं नव्हतं. ती पुढं झुकली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि मी तिला धरलं की तिनं मला, सांगता येणार नाही. रडता रडताच माझ्या कानाशी म्हणाली, "पर तुमच्यामुळंबी न्हाई गेले त्ये, आई. पाऊस लय हुता. पाऊस लय हुता वो."

प्रार्थनाही माझ्याकडंच होती. मी "बापा" म्हटलं आणि थांबले. पुढं काही आलं नाही. बायकांनी थोडा वेळ वाट बघितली आणि "आमेन" म्हटलं.

चहाची वेळ झाली तशी ती सवयीनं उठायला लागली, पदरानं डोळे पुसत. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "बस," म्हटलं, बालवाडीत म्हणायचे तसं, दरडावून. आत गेले. पाणी ठेवलं, आणि चहाची पूड कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. माझंच स्वयंपाकघर. मी डबे उघडत बसले. डाळ, रवा, पोहे. बाहेर आवाज जात असणार. तिकडून तिचा रडका आवाज आला, "वरच्या फळीवर, आई. निळ्या डब्यात."

ट्रे घेऊन बाहेर आले आणि पहिला कप तिच्यापुढं धरला. तिनं घोट घेतला, कसंनुसं तोंड केलं आणि म्हणाली, "साखर न्हाई घातली." पाळकांच्या बाईंना पदर तोंडाला लावून हसू आवरेना, मग सगळ्याच हसल्या, डोळ्यांत पाणी तसंच. मी साखर आणायला वळले, तर तिनं माझा पदर धरला. साताऱ्याला धरला होता तसाच. या वेळी मी सोडवून घेतला नाही. ती सतरंजीवर थोडी सरकली आणि शेजारची जागा थोपटली. मधल्या जागेवर दुसऱ्या कुणी टेकायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. मी टेकले. चिटणीसबाईंनी दुसरा कप माझ्या हातात दिला.

"जाऊ का?" तिनं पुन्हा विचारलं.

राहा म्हणायचा अधिकार माझ्याकडं नव्हता. तो मी दीड वर्षात घालवला होता. "जा," मी म्हटलं. "पोचवायला मी येते."

ती महिनाअखेरीला गेली. खोली बरी आहे, खिडकीतून कारखान्याची भिंत दिसते म्हणाली. मी तिचा गॅस लावून दिला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. वाटेत सातारा लागला, तिथं मी डोळे मिटून बसले. जे एक वाक्य ती दीड वर्ष माझ्याकडं मागत होती ते माझ्यापाशी तयार होतं, आणि ते मी आधी कुंडलला देऊन आले होते. प्रभूनं मला क्षमा केली असेल; त्याचं तेच काम आहे. माझं मन अजून करत नाही.

परवा तासगावात भेट होती. घरात शिरल्यावर मी आधी चुलीपाशी गेले, तिथं कोण आहे ते बघायला. रडणं झालं, प्रार्थना झाली. घरी आले, दिवा लावला, एकटीपुरती भाकरी केली. भूक नव्हती. हल्ली भेटीहून आल्यावर भूक लागत नाही. फोन वाजला.

"आई, जेवलात?"

"व्हय," मी म्हटलं.

"खोटं बोलू नगा. ताट घ्या, मी फोन धरून हाय."

मी ताट घेतलं.